वंगण की कुरुंद?

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात काम थोडं आणि धुणंच फार असतं. शेडच्या दारात डिझेलचे कापलेले डबे, झिजलेले ब्रश, चिंध्यांचे ढीग. कुणी व्हाइसला रंग मारतोय, कुणी छताची जळमटं काढतोय. वर्षभर काळ्या दिसणाऱ्या यंत्रांचा मूळ रंग हिरवा होता, हे नव्या पोरांना त्याच दिवशी कळतं. दुसऱ्या दिवशी त्या यंत्रांवर झेंडूच्या माळा चढतात, नारळ फुटतो आणि लेथची घरघर थांबते.

अशाच एका शेडमध्ये मामा-भाच्यात जुंपली होती. मामा पासष्टीचे. गल्लीत त्यांना सगळे मेस्त्री म्हणतात. कोल्हापुरात मेस्त्री ही एक पदवीच आहे. १९१८ साली इथं स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार करणाऱ्या बाबूराव पेंटरांचं मूळ आडनावही मेस्त्रीच. भाचा डिप्लोमा झालेला, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी विभागात सुपरवायझर. सुट्टी होती म्हणून मामांच्या मदतीला आला होता. आला तेव्हा मामा लेथच्या डाव्या टोकाचं कव्हर उघडून, पिवळ्या ग्रीसचा डबा मांडीशी घेऊन बसले होते आणि चार बोटांनी गोळा काढून गिअरवर थापत होते.

“मामा, हे काय चाललंय?”

“लेप लावतोय. दिसत न्हाई व्हय?”

“जुनं ग्रीस काढलं का आधी?”

“वरवरचं काढलं की. आत ऱ्हातंय थोडं. ते चांगलंच. मुरलेलं असतंय.”

“मुरायला ते लोणचं आहे का?”

मामा हसले नाहीत. “तुझ्या सीएनसीला हे गिअरच न्हाईत. आनि तू मला गिअर शिकवायला आलाईस.”

मुद्दा खरा होता. सीएनसी लेथवर आटे पाडायचे तर स्पिंडलचा एन्कोडर आणि सर्व्हो मोटर यांचं आपसात इलेक्ट्रॉनिक संधान असतं. साध्या लेथवर हेच संधान दात्यांनी बांधलेलं असतं. जॉब एक फेरा फिरला की टूल नेमकं किती सरकायचं, हे डाव्या बाजूच्या कव्हरामागची गिअरची रांग ठरवते. या रांगेतून स्पिंडलची गती लीड स्क्रूपर्यंत जाते. इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्लेने १८००च्या सुमारास लीड स्क्रू आणि बदलते गिअर यांची जोडी पक्की बसवली आणि आटे पाडणं हाताच्या कसबातून यंत्राच्या हिशेबात आलं. त्या बदलत्या गिअरना आपल्याकडे आजही चेंज गिअरच म्हणतात. जुन्या लेथबरोबर त्यांचा संच यायचा: २० दात्यांपासून १२० पर्यंत, पाचापाचाच्या पायरीने. आणि त्या संचात एक विक्षिप्त पाहुणा: १२७ दात्यांचा.

हा १२७चा आकडा हवेतून आलेला नाही. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि २५.४ गुणिले ५ म्हणजे १२७. लीड स्क्रू इंची असेल, म्हणजे इंचाला चार आटे, तर त्यावर मिलिमीटरचे आटे अचूक काढायला हाच गिअर लागतो. १२७ ही मूळ संख्या. तिचे तुकडे पडत नाहीत, त्यामुळे लहान गिअरची कुठलीही जोडी लावून अगदी तंतोतंत तोच हिशेब जमत नाही. दोन मोड्यूलचा असेल तर त्याचा पिच व्यास २५४ मिलिमीटर भरतो, बरोबर दहा इंच. जेवणाच्या ताटाएवढा हा गिअर मामांच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला आहे आणि त्याचे दोन दाते अर्ध्यावर झिजलेले आहेत.

भाच्याने बोट तिकडे दाखवलं. “तो कशानं झिजला?”

“वयानं.”

“लीड स्क्रू त्याच वयाचा आहे. तो एवढा झिजला नाही.”

हा लेथ हरिहरचा. बेळगावात सायकलचं दुकान घालणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि पुढे १९४१ साली याच घराण्याच्या मैसूर किर्लोस्करने तुंगभद्रेकाठी हरिहरला लेथचा कारखाना काढला. तो कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली, पण त्याचे लेथ अजून उद्यमनगरात भाकरी मिळवून देतात. सुटे भाग कंपनीकडून मिळायचे दिवस गेले. म्हणजे गिअर गेला तर नवा कापून घ्यायचा, आणि म्हणून असलेला सांभाळायचा. मामांना हे पटवून द्यावं लागत नव्हतं. सांभाळायचा कसा, यावरच गाडं अडलं होतं.

ग्रीसच्या बाजूने मामांकडे सांगण्यासारखं बरंच होतं. “तेल लावलं की संध्याकाळपर्यंत भिंतीवर. बग ती काळी रेघ.” खरोखरच गिअरच्या बरोबर समोर भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळा पट्टा होता. “माझ्या शर्टावर, कव्हरावर, समद्यावर तेल. फकस्त दात्यावर न्हाई. ग्रीस आठ दिस चिकटून ऱ्हातंय. आनि आवाज ऐक. तेलावर गिअर किरकिरतोय, ग्रीसवर गुरगुरतोय.” शेवटचं वाक्य टाळी घेण्यासारखं होतं आणि खोटंही नव्हतं. जाड थर दात्यांची आदळआपट दाबून टाकतो.

मग मामा बैलगाडीवर गेले. त्यांच्या लहानपणी गाडीखाली वंगणाचा नळा लटकत असे. चाक काढून कण्याला वंगण फासायचं, मग गाडी कारखान्याला ऊस घेऊन निघायची. “ते वंगन म्हंजी घट्टच. पातळ तेल कुनी घातलं न्हाई कधी.”

वंगण हा शब्द मराठीने गाडीच्या आसाकडून घेतला आणि यंत्रांनाही तोच पुरला.    

भाच्याचं उत्तर साधं होतं. “मामा, कण्याला तुंबा असतो. आत धूळ जायला वाट थोडी असते. हे गिअर उघडे आहेत. आणि तुमच्याकडे कातायला काय येतं? बीड.”

कोल्हापूरच्या बाबतीत हा प्रश्न कळीचा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पट्ट्यातल्या फौंड्र्यांतून ओतकाम निघतं आणि त्यातलं कितीतरी उद्यमनगरातल्या लेथवर कातायला येतं. पोलाद कातलं की कुरळ्या, लांब चिप्स निघतात. त्या दिसतात, उचलता येतात. बीड कातलं की भुकटी उडते. बीड बहुधा कोरडंच काततात, त्यामुळे ही भुकटी पाण्यात बसत नाही, हवेत तरंगते आणि जिथे काही चिकट असेल तिथे जाऊन बसते. लेथवर सगळ्यांत चिकट काय, तर मामांचं ग्रीस.

“बसू दे की,” मामा म्हणाले. “बिडात ग्राफाइट असतंय. ग्राफाइट म्हंजी वंगनच. दुकानात ग्राफाइट ग्रीस पैशानं इकत्यात. मला फुकट मिळतंय.”

इथे भाचा थोडा अडखळला, कारण हे अर्धं बरोबर होतं. करड्या बिडात शेकडा तीन-साडेतीन कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. बीड कोरडं कातता येतं त्याचं एक कारण तेच.

वाद शब्दांनी मिटणार नव्हता. भाच्याने बांबूची एक कामटी घेतली, दोन दात्यांच्या बेचक्यातलं जुनं, काळं ‘मुरलेलं’ ग्रीस सुपारीएवढं काढलं आणि चहाच्या रिकाम्या काचेच्या ग्लासात टाकलं. वर दोन बोटं डिझेल ओतलं, कामटीने ढवळलं.

“त्यो ग्लास आता हाटेलात परत देऊ नगंस,” मामा म्हणाले.

ग्रीस विरघळलं. ग्रीस म्हणजे घट्ट तेल नव्हे; ते तेल प्यायलेला स्पंज असतं. ऐंशी-नव्वद टक्के तेल आणि ते धरून ठेवणारा साबण, आजकाल बहुधा लिथियमचा. बाजारात सर्रास मिळणारं दोन नंबरचं ग्रीस लोण्यासारखं असतं. काम करताना दाबाखाली स्पंजातून तेल पाझरतं, दाते भिजतात. पण उघड्या गिअरवर दाते त्या थरातून आपल्यापुरती वाट कापून घेतात. बाजूला ग्रीसचे कठडे उभे आणि दाते कोरडे, असंही होतं. बाहेरून बघणाऱ्याला भरपूर वंगण दिसतं.

भाच्याने डायलचा मॅग्नेटिक स्टँड ग्लासला बाहेरून टेकवला आणि ग्लास हळूहळू तिरका केला. बिडाची आणि पोलादाची भुकटी लोहचुंबकाकडे सरकली आणि काचेवर मिशीसारखी उभी राहिली. ग्राफाइटने डिझेल शाईसारखं काळं झालं होतं. ते दुसऱ्या डब्यात ओतून दिल्यावर तळाशी जे उरलं ते चुंबकाला दाद देत नव्हतं. भाच्याने ते बोटावर घेतलं आणि मामांच्या अंगठ्यावर चोळलं.

मामा काही बोलले नाहीत. पुन्हा एकदा स्वतःच अंगठा आणि तर्जनी चोळून बघितली.

“वाळू,” भाचा म्हणाला. “मोल्डची. जॉबच्या कातडीला चिकटून येते, पहिल्या कापात निघते. बिडापेक्षाच काय, पोलादापेक्षाही कडक. मामा, ऑइल इंजिनचे व्हॉल्व्ह तुम्ही किती बसवले असतील आयुष्यात?”

“मोजलं न्हाईत. हजारानं.”

“व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवताना जी पेस्ट लावता, ती कशाची असते?”

मामांना प्रश्न कुठे चाललाय ते कळलं होतं, तरी उत्तर दिलं. “ग्रीस. आनि कुरुंद.”

“मग गिअरला काय लावताय?”

शेजारच्या शेडमध्ये कुणीतरी पत्रा आपटला, तेवढाच आवाज. ही तुलना पुस्तकी नव्हती, मामांच्या हातातली होती, म्हणून ती लागली. लॅपिंग करताना कडक वस्तू झिजवायला मऊ धातूचा लॅप वापरतात, बहुधा बिडाचाच. कडक कण मऊ धातूत रुततात आणि समोरच्या कडक धातूला खातात. बिडाचा मोठा गिअर आणि पोलादाचा छोटा पिनियन यांच्या मध्ये वाळूमिश्रित ग्रीस असेल तर नेमकं हेच यंत्र चालू असतं, फक्त कुणी ते सुरू केलेलं नसतं. दाते एकमेकांवर निव्वळ लोळत नाहीत. पिच रेषेवर तेवढे लोळतात. तिच्या वर आणि खाली घसरतात. घासायला तेवढं पुरतं.

या घासण्याच्या शास्त्राला नाव मिळालं ते फार जुनं नाही. १९६६ साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला आणि त्यातून ट्रायबॉलॉजी हा शब्द रूढ झाला. वंगण आणि झीज यांकडे नीट लक्ष दिलं तर त्या देशाचे वर्षाला ५१.५ कोटी पौंड वाचतील, असा त्यांचा अंदाज होता. त्यासाठी नवे शोध लागणार नव्हते. माहीत असलेलंच नीट वापरायचं होतं. उद्यमनगरातली सुपारीएवढी काळी गोळी त्याच हिशेबातली.

इथवर भाच्याची सरशी झाली. पण पुढचा अर्धा तास मामांचा होता.

विजयाच्या भरात भाच्याने कॉम्प्रेसरची एअर गन उचलली आणि गिअरवर धरली.

“ठेव ती खाली!” मामा असे ओरडले की दारातलं कुत्रं उठलं. “हवा मारलीस की ही घाण जाणार कुठं? बुशात, बेअरिंगात. डोळ्यात ती येगळीच. आता दात्यावर हाय ती दिसतिया तरी.”

भाच्याने गन ठेवली आणि कॉटन वेस्टचा बोळा घेतला. इचलकरंजीच्या मागांच्या कृपेने या भागात कॉटन वेस्टला तोटा नाही. मामांनी तोही काढून घेतला. “ह्याचं धागं दात्यात अडकत्यात. धागा वढला की मागनं बोट.” त्यांनी ट्रंकेतून जुन्या धोतराचे फाडलेले तुकडे काढले. शंभर वेळा धुतलेलं धोतर धागे सोडत नाही, तेल मात्र पितं.

तिसरी चूक सगळ्यांत वाईट होती. गिअरचा पुढचा भाग पुसायला यावा म्हणून भाच्याचा हात मोटरच्या बटणाकडे गेला. मामांनी शब्दाने नाही, डावा हात वर करून त्याला थांबवलं. त्या हाताच्या करंगळीचं वरचं पेर नाही. उमेदवारीच्या काळात एका शेडमध्ये, चालत्या गिअरला चिंधी लावताना गेलं. कुठल्या शेडमध्ये ते मामा सांगत नाहीत. “हातानं फिरव चक. आनि आधी मेन स्विच पाड.”

१९४८च्या कारखाने कायद्याने कलम २२ मध्ये हीच गोष्ट लिहून ठेवली होती. चालत्या यंत्राला वंगण घालायची वेळ आलीच तर ते खास शिकवलेल्या, अंगाबरोबर कपडे घातलेल्या प्रौढ कामगारानेच करावं, कोवळ्या पोरांनी चालू यंत्र पुसू नये. पण वीज वापरणाऱ्या जागेत किमान दहा कामगार असले तरच तो कायदा तिला कारखाना म्हणत असे. तीन माणसांच्या शेडला त्यात जागा नव्हती. तिथे मामांची करंगळीच कायदा.

मग काम नीट लागलं. भाच्याने आधी मोबाइलवर गिअरच्या रांगेचा फोटो काढला. मामांनी तरीही खडूने खुणा केल्या. गिअर धरणाऱ्या क्वाड्रंटचा नट ढिला करून गिअर एकेक उतरवले. कोरड्या ब्रशने वरची भुकटी पाडली. बेचक्यातलं कामटीनेच काढलं. स्क्रू ड्रायव्हरने दात्याला ओरखडे पडतात, यावर दोघांचं एकमत होतं. मग परातीत डिझेल आणि ब्रश. पूर्वी रॉकेल असायचं, ते आता मिळत नाही. पेट्रोलला मामा हात लावू देत नाहीत, बाजूच्या शेडमध्ये वेल्डिंग चालतं. शेवटी धोतर.

मधल्या गिअरच्या पिनमध्ये तेलाचं भोक होतं. ते गच्च बंद. मामांनी मागे कधीतरी तिथे ग्रीस गन लावली होती. भाच्याने तार घालून वाळकं मेण काढावं तसं ते काढलं आणि फक्त मामांकडे बघितलं.

“बरं, बरं,” मामा म्हणाले.

गिअर परत चढवताना भाच्याने ते एकमेकांत घट्ट दाबले. मामांनी पंचांगाच्या जुन्या पानाची पट्टी फाडली, दोन दात्यांच्या मध्ये घातली, गिअर टेकवले, नट आवळला आणि चक हाताने फिरवून पट्टी बाहेर काढली. पट्टीवर एकसारख्या घड्या पडल्या होत्या, फाटली मात्र नव्हती. “येवढी फट पायजे. फाटली तर लई घट्ट, घडीच न्हाई पडली तर लई सैल. गिअर बोंबलतोय ते बऱ्याचदा ह्यामुळं. मग लोक ग्रीस थापून त्येचं तोंड दाबत्यात.”

हे वाक्य भाच्याने नंतर दोनदा म्हणून बघितलं. ग्रीसने गुरगुरणारा आवाज ही मामांची मघाची फुशारकी होती आणि तिचा निकाल मामांनीच लावला होता.

लावायचं काय? भाच्याने स्लाइडवेचं ६८ नंबरचं तेल आणलं होतं. ६८ म्हणजे ४० अंश सेल्सिअसला त्याची दाटी. आणि बेडवरून ओघळू नये म्हणून त्यात थोडा चिकटपणा मुद्दाम घातलेला असतो. साध्या तेलासारखं ते लगेच भिंतीवर जात नाही, ग्रीससारखं भुकटी धरून बसत नाही. बारीक ब्रशने दात्यांवर पुसट हात, पिनच्या भोकात दोन थेंब. बस.

“येवढंसंच?” मामांना ते पाहुण्याला अर्धा कप चहा दिल्यासारखं वाटलं.

“रोज एवढंसं. आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी पुसून परत.”

“रोज कोन करनार?”

याला भाच्याकडे उत्तर नव्हतं. ग्रीसचं खरं समर्थन इथे आहे, आणि ते शास्त्रातलं नसून माणसाच्या सवयीतलं आहे. रोज तेल लावणारा हात असेल तर तेल बरं. तो नसेल, काम फक्त पोलादी बारचं असेल आणि कव्हर नीट बंद होत असेल, तर स्वच्छ दात्यांवर ग्रीसचा पातळ थर काही गुन्हा नाही. हेडस्टॉकच्या बंद पेटीत मात्र ग्रीसला थाराच नाही. तिथे गिअर तेलात बुडून ते उडवतात आणि काचेतल्या रेघेपर्यंत तेल आहे का एवढंच बघायचं असतं. पण जिथे बीड कातलं जातं तिथे उघड्या गिअरवर ग्रीस नको, या बाबतीत भाचा बरोबर आहे आणि त्यात तडजोड नाही.

मामांनी ग्रीसचं झाकण लावलं. डबा फेकला नाही; फळीवर, वरच्या बाजूला ठेवला.

राहिलं कव्हर. ते चार बोल्टचं, पण दोनच शिल्लक होते, आणि चेंज गिअर बदलायला सोपं म्हणून वर्षभर बहुतेक वेळ ते भिंतीला टेकवलेलं असे. भाच्याचं म्हणणं, तेल-ग्रीसच्या आधी हे. मामांचं म्हणणं, बोल्ट काढण्यात वेळ जातो. तेवढ्यात मामींनी घरून पूजेचं साहित्य पाठवलं: झेंडू, हळद, कुंकू, तांदूळ.

“अक्षता कुठं टाकणार उद्या?” भाच्याने विचारलं.

“मशीनवर.”

“आत्ता धुतलेल्या गिअरवर?”

मामांनी पिशवी बाजूला ठेवली, खिशातून पन्नासची नोट काढली आणि भाच्याला कोपऱ्यावरच्या बोल्टच्या दुकानात पिटाळलं. दुसऱ्या दिवशी पूजा झाली तेव्हा कव्हर चारही बोल्टनी आवळलेलं होतं आणि अक्षता त्याच्यावर पडल्या.